रात्रीच्या संगीताचें घर

आजच्या भाषणाचा विषय कांहीं श्रोत्यांस चमत्कारिक वाटेल. गायनसभा, नाट्यगृहें, कीर्तनाचे व तमाशाचे फड यांविषयीं आपल्याकडे पुष्कळ लिहिलें-बोललें गेलें आहे. परंतु जेथें लोक रात्रीं जेवावयास आणि नाचावयास जमतात, पेले भरले जातात, आणि एका बाजूस वादकांचें पथक बसून वाजवीत असतें, अशा ‘नाइट-क्लब’ नांवाच्या जागेलाहि कांहीं इतिहास असेल, ही कल्पना सुशिक्षित घरांत सहसा शिरत नाहीं. अशा जागेचें नांव निघालें कीं कोणी नाक मुरडतो, कोणी डोळे मिचकावतो; तेथें वाजविणाराचा विचार मात्र कोणीच करीत नाहीं. आज आपण मुख्यत्वें त्या वाजविणाराच्या बाजूनें हा इतिहास पाहूं.

आरंभ आपल्या जिल्ह्यापासूनच करतां येतो. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतील सोयगांव तालुका हा अजिंठ्याच्या डोंगररांगेचा मुलूख. त्याच तालुक्यांत, फर्दापुरापासून जवळ, वाघूर नदीच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणावर अजिंठ्याचीं लेणीं आहेत. तेथील पहिल्या क्रमांकाच्या लेण्यांत इ. स. च्या पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत, वाकाटकांच्या अमदानींत, महाजनक जातकाची कथा रंगविलेली आहे. राजाचें मन संसारावरून उडालें आहे. तें पुन्हां वळावें म्हणून राजवाड्यांत नृत्य चाललें आहे. मधोमध रत्नालंकार ल्यालेली नर्तिका, आणि तिच्या भोंवतीं बांसरी, झांजा व मृदंगासारखीं वाद्यें वाजविणाऱ्या स्त्रिया. चित्रकारानें त्या वादक स्त्रियांच्या बोटांकडे आणि माना वळविण्याकडे नर्तिकेइतक्याच आस्थेनें पाहिलें आहे. पुढच्या प्रसंगांत राजा घोड्यावर बसून राज्य सोडून जातांना दिसतो.

राजा गेला, त्याच्या वैराग्याची कथा झाली. परंतु मागें राहिलेल्या त्या वादक स्त्रियांचें काय झालें, हें जातक सांगत नाहीं. ज्याच्या पदरीं राहून वाजवावयाचें, तोच उठून गेल्यावर वाजविणारानें कोठें जावें? मला वाटतें, रात्रीच्या संगीताच्या साऱ्या इतिहासाचा गाभा या एका प्रश्नांत आहे. राजवाड्यांत खर्च राजाचा होता. आधुनिक शहरांत तो कोणाचा? श्रोत्यांचा, असें उत्तर चटकन् सुचेल. पण तें अर्धेंच खरें आहे. आठ-दहा वादक रोज रात्रीं पोसावयाचे, तर नुसत्या तिकिटावर तें क्वचितच भागतें. त्यांचा पगार निघतो तो जेवणांतून, आणि त्याहूनहि अधिक मद्याच्या विक्रींतून. म्हणजे संगीतगृहाचे खांब चार: वादक, मद्याची विक्री, सरकारचा परवाना आणि जागेचें भाडें. यांपैकीं पहिला खांब कितीहि भक्कम असला, तरी बाकीच्या तिहींपैकीं एक जरी खचला तरी छप्पर खालीं येतें. मुंबई शहरांत हें एका शतकाच्या आंत कित्येकदां घडलें.

मुंबईचें ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजीं उघडलें. जमशेटजी टाटांनीं बांधलेल्या या वास्तूंतील नृत्यशाला ही शहरांतील श्रीमंतांच्या संध्याकाळची जागा बनली. राजेरजवाडे, पारशी शेटजी, इंग्रज अंमलदार आणि गिरण्यांचे मालक तेथें जमत. १९३५ च्या अखेरीस त्या शाळेंत एक नवलाची गोष्ट घडली. लिऑन ॲबी नांवाचा अमेरिकन नीग्रो व्हायोलिनवादक आपलें संपूर्ण पथक घेऊन तेथें आला. ज्या संगीतास जॅझ म्हणतात तें ग्रामोफोनच्या तबकड्यांवरून मुंबईस पूर्वींच पोंचलें होतें. परंतु तें ज्यांचें, त्यांच्याच हातून रोज रात्रीं ऐकावयास मिळणें ही गोष्ट निराळी.

ॲबीच्या मागोमाग क्रिकेट स्मिथ हा ट्रंपेटवादक त्या पथकाचा म्होरक्या झाला. पहिल्या महायुद्धापूर्वीं न्यूयॉर्कमध्यें जेम्स रीज युरोप याच्या प्रख्यात वाद्यवृंदांत त्यानें वाजविलें होतें. म्हणजे जॅझच्या बाल्यावस्थेचा साक्षीदारच मुंबईस येऊन राहिला. १९३६ सालीं त्याच्या पथकानें मुंबईंत तबकड्या ध्वनिमुद्रित केल्या. त्यांतील ‘ताजमहाल’ या नृत्यगीताची रचना मीना सायलस या मुंबईकर बगदादी ज्यू संगीतकाराची होती. गीत मुंबईच्या ज्यूचें, वाजविणारे अमेरिकेंतील कृष्णवर्णीय, नांव मोंगल बादशहाच्या कबरीचें, आणि जागा पारशी उद्योगपतीनें बांधलेली! मुंबई या शहराचें याहून संक्षिप्त वर्णन करणें कठीण आहे.

टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक यांपैकींच. शिकागोंत नांव मिळवून तो १९२६ सालीं आशियाकडे आला, शांघायमध्यें वर्षानुवर्षें वाजविलें आणि पुढें मुंबईस ताजमध्यें आला. स्वदेशीं या मंडळींना गोऱ्यांच्या उपाहारगृहांत शेजारीं बसून जेवतां येत नसे. येथें त्यांना मान होता, पगार होता, राहावयास चांगली जागा होती. मात्र येथेंहि राज्य इंग्रजांचें होतें, आणि या शहरांतल्याच कित्येक क्लबांचीं दारें हिंदी माणसांस बंद होतीं. वेदरफर्ड मायदेशीं कायमचा परतला नाहीं. २५ एप्रिल १९४५ रोजीं कलकत्त्यास पटकीनें त्याचा अंत झाला. त्या वेळीं त्याचें वय अवघें बेचाळीसच्या आंतबाहेर होतें.

या पाहुण्यांच्या शेजारीं बसून जे ऐकत होते आणि शिकत होते, ते बहुतेक गोमंतकीय होते. ही गोष्ट योगायोगाची नव्हे. पोर्तुगीज अमदानींत गोव्याच्या गांवोगांवीं चर्चला जोडून पाठशाळा होत्या. तेथला ‘मेस्त्री’ मुलांना प्रार्थनेचें गाणें शिकवी, त्याबरोबर पाश्चात्य स्वरलेखन शिकवी आणि व्हायोलिन हातांत देई. गांवांत शेती थोडी, नोकरी नाहीं. परंतु कागदावरील स्वर पाहतांच वाजविण्याची विद्या जवळ आहे, अशी तरुणांची पिढीच्या पिढी तेथें तयार होत गेली. ही मंडळी मुंबईस आली, धोबी तलाव व गिरगांवच्या आसपास आपापल्या गांवच्या ‘कूडां’त, म्हणजे गांवकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडांत राहिली, आणि हॉटेलें, जहाजें, मूकचित्रपटगृहें व संस्थानिकांचे बँड यांत पसरली.

त्यांतले दोघे तिघे तरी आपल्याला नांवानें ठाऊक असावे. हळदोण्याचा आंतोनियु शाव्हियेर व्हाझ, जन्म १९१६. ट्रंपेट वाजविण्याची आणि गाण्याची त्याची धाटणी लुई आर्मस्ट्राँगसारखी असल्यामुळें त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत. लोकांत त्याचें नांव ‘चिक चॉकलेट’ असेंच पडलें. कुडचड्याचा फ्रँक फर्नांड, जन्म १९१९; हाहि ट्रंपेटवादकच. आणि मिकी कोरिया, ज्याचें पथक १९३९ पासून सुमारें दोन दशकें ताजमध्यें वाजत राहिलें. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्रीं दिल्लींत सत्तांतर होत असतां ताजमध्यें स्वातंत्र्याच्या स्वागताची मेजवानी चालू होती, आणि तेथें मिकी कोरिया व चिक चॉकलेट यांचींच पथकें वाजवीत होतीं.

त्या रात्रीं वाजविणारांस आपल्या पायांखालची जमीन हलते आहे असें बहुधा वाटलें नसेल. परंतु दुसरा खांब खचावयास फार काळ लागला नाहीं. दारूबंदीचा एक प्रयोग बाळासाहेब खेर यांच्या पहिल्या मंत्रिमंडळानें मुंबईंत १ ऑगस्ट १९३९ पासून केला होता. मंत्रिमंडळानें त्याच वर्षीं राजीनामा दिल्यामुळें तो टिकला नाहीं. स्वातंत्र्यानंतर मात्र निश्चय पक्का होता. खेर मुख्यमंत्री आणि मोरारजी देसाई गृहमंत्री असतां १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला, आणि ६ एप्रिल १९५० पासून शहरांत संपूर्ण बंदी आली. १९५१ सालीं बलसारा खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें औषधें व प्रसाधनें यांसंबंधींचीं कलमें रद्द केलीं, परंतु कायद्याचा मूळ गाभा उचलून धरला.

दारूबंदीच्या मागें असलेली कळकळ खोटी होती असें कोणीहि म्हणूं नये. गिरणगांवांत शनिवारीं हातीं आलेला पगार घरीं पोंचण्यापूर्वींच गुत्त्यांत जात होता, आणि त्याचे चटके घरच्या बायकामुलांना बसत होते. त्या घराच्या बाजूनें पाहिलें तर कायदा करणारांस दोष देणें कठीण जातें. परंतु कायद्याचा घाव जेथें नेमका बसावयाचा तेथेंच तो बसतो असें नाहीं. चोरट्या भट्ट्या निघाल्या व गुत्ते लपून चालूं लागले. पण नृत्यशाळेंतला वादक लपून वाजवूं शकत नव्हता. त्याचा धनी त्याला मद्याच्या नफ्यांतून पोसत होता. नफा गेला तेव्हां हॉटेलवाल्यांनीं प्रथम वादकांकडेच पाहिलें. अजिंठ्याच्या चित्रांतील राजा पुन्हां एकदां उठून गेला होता, आणि वाद्यें घेऊन बसलेलीं माणसें मागें राहिलीं होतीं.

या वेळीं मात्र त्यांनीं कोठें जावें याचें उत्तर जवळच होतें. दादर, परळ, महालक्ष्मी, अंधेरी या भागांत बोलपटांचे कारखाने होते. त्यांना गाणीं हवीं होतीं आणि गाण्यांना मोठा वाद्यवृंद हवा होता. आपले संगीतदिग्दर्शक बहुतेक गुरुमुखानें शिकलेले. चाल पेटीवर बसवावी आणि म्हणून दाखवावी ही त्यांची रीत. परंतु चाळीस वादकांनीं एकाच वेळीं निरनिराळे स्वर वाजवावयाचे, तर प्रत्येकापुढें लिहिलेला कागद हवा. तो लिहिणारा माणूस गोव्याच्या पाठशाळेंतून आणि ताजच्या व्यासपीठावरून आलेला होता. अशा रीतीनें चित्रपटसृष्टींत ‘अरेंजर’, म्हणजे वाद्यरचनाकार, हा नवा कारागीर निर्माण झाला.

या दोन प्रवाहांच्या संगमाचें उत्तम उदाहरण महाराष्ट्रीयांच्याच घरचें आहे. सी. रामचंद्र म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, नगर जिल्ह्यांतील पुणतांब्याचे. विनायकबुवा पटवर्धनांच्या हाताखालीं गांधर्व महाविद्यालयांत शिकलेले. भगवान पालव हे गिरणीकामगाराचे चिरंजीव, आणि नट व दिग्दर्शक म्हणून स्वतःच्या हिमतीवर वर आलेले. या दोघांनीं १९५१ सालीं ‘अलबेला’ हा चित्रपट दिला, आणि त्यांत चिक चॉकलेट हा सहायक म्हणून व वादक म्हणूनहि होता. पडद्यावर आपल्या पथकासह तो दिसतोहि. त्या चित्रपटाच्या ठेक्यावर गिरणगांवांतल्या चाळींनीं गणपतिउत्सवांत फेर धरला. ताजच्या दारांत ज्यांना कोणी उभें केलें नसतें, त्यांच्या अंगणांत ताजचें संगीत असें येऊन पोंचलें. दारूबंदीनें नृत्यशाळेचीं दारें अर्धवट लावलीं आणि त्याच धक्क्यानें तेथलें संगीत चार आण्यांच्या तिकिटावर साऱ्या देशांत गेलें, हा योग मोठा विलक्षण होय.

परंतु या उजेडाच्या मागें सांवलीहि आहे. तबकडीवर आणि चित्रपटाच्या नामावळींत नांव येई तें संगीतदिग्दर्शकाचें. ज्यानें रात्र जागून प्रत्येक वाद्याचा कागद लिहिला, त्याचें नांव बहुधा कोठेंच नसे. सेबास्तियन डिसूझा हे फाळणीपूर्वीं लाहोरच्या हॉटेलांत पथक चालवीत. १९४७ नंतर मुंबईस येऊन शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना त्यांनीं दीर्घकाळ केली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७ ते २०१२) यांनीं १९५८ सालीं सेंट झेवियर कॉलेजच्या चौकांत हिंदी राग आणि पाश्चात्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणारे जलसे केले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनीं १९७७ च्या एका लोकप्रिय चित्रपटांतील गाण्यांत गुरूचें नांव गोंवलें. तें नांव पुढें देशभर झालें, परंतु तें कोणा खऱ्या, हयात वादकाचें आहे हें ऐकणारांपैकीं कितीकांस ठाऊक होतें? फ्रँक फर्नांड यांनीं तर स्वतःच्या भाषेचें ऋण फेडण्यासाठीं ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६) हे कोंकणी चित्रपट काढले.

हॉटेलांतील संगीत अगदींच संपलें मात्र नाहीं. चर्चगेट रस्त्यावर, ज्यास पुढें वीर नरिमन यांचें नांव मिळालें, तेथें गेलॉर्ड, बॉम्बेली, व्होल्गा, अँबॅसडर, ॲस्टोरिया अशीं उपाहारगृहें व हॉटेलें शेजारीं शेजारीं होतीं, आणि मद्याच्या जागीं कॉफी देऊनहि कित्येकांनीं पथकें ठेविलीं होतीं. मडगांवचे ख्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना कोर्देरो यांचें नांव याच रस्त्यानें मोठें केलें. परदेशचे थोर वादकहि मुंबईस येऊन गेले: १९५८ मध्यें डेव्ह ब्रूबेक, १९६३ मध्यें ड्यूक एलिंग्टन, १९६४ मध्यें स्वतः लुई आर्मस्ट्राँग. ब्रूबेकनें येथें सतारिये अब्दुल हलीम जाफरखां यांच्या संगतींत वाजवून पाहिलें. पुढें परमिटाची अट सैल होत गेली आणि मद्य परत आलें; परंतु त्याबरोबर वादक परत आले नाहींत. मधल्या काळांत तबकडी लावून नाचण्याची पद्धत निघाली होती, आणि तबकडीला पगार लागत नाहीं. कुलाब्यांतील ‘स्लिप डिस्क’ ही त्या नव्या जमान्याची जागा. १९७२ सालीं लेड झेपेलिन या इंग्रज पथकाचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईस आले असतां तेथें उत्स्फूर्तपणें वाजवून-गाऊन गेले, एवढ्यासाठीं तिचें नांव आजहि घेतलें जातें.

आतां तिसऱ्या खांबाकडे, म्हणजे परवान्याकडे वळूं. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याच्या ३३ व्या कलमानें सार्वजनिक करमणुकीच्या जागांवर परवान्याचें नियंत्रण आलें, आणि करमणूक कर तर १९२३ पासूनच होता. नियंत्रण असूं नये असें शहाणा माणूस म्हणणार नाहीं. २९ डिसेंबर २०१७ च्या रात्रीं परळच्या कमला मिल आवारांत गच्चीवरील उपाहारगृहांना आग लागून १४ माणसें मृत्युमुखीं पडलीं, तेव्हां नियम कागदावर राहिले म्हणजे काय होतें तें शहरानें पाहिलें. प्रश्न नियंत्रणाचा नसून समदृष्टीचा आहे. खेर मंत्रिमंडळाच्या काळांत तमाशावर बंदी आली. ती उठविण्यासाठीं कलावंतांना सरकारदरबारीं खेटे घालावे लागले. २००५ सालीं राज्यानें बारमधील नृत्यावर बंदी घातली, पण तारांकित मोठीं हॉटेलें व जिमखाने यांना तींतून सूट दिली. तेंच नृत्य श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत कला आणि गल्लींत अनीति, असा त्याचा अर्थ होत होता. उच्च न्यायालयानें २००६ मध्यें ती बंदी रद्द केली, २०१३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय कायम केला; पुन्हां कायदे झाले, आणि जानेवारी २०१९ मध्यें पुन्हां न्यायालयानें त्यांतील कित्येक अटी काढून टाकल्या. या चौदा वर्षांत ज्यांची रोजी गेली त्या स्त्रियांनीं कोठें जावें, हा पंधराशें वर्षांपूर्वींचाच प्रश्न होता.

परवान्याइतकेंच शेजाऱ्याच्या झोंपेलाहि महत्त्व आहे, आणि येथें आपणां सर्वांचाच संबंध येतो. धोबी तलावाजवळील रंगभवन या खुल्या नाट्यगृहांत निरंजन झवेरी यांच्या पुढाकारानें १९७८ सालीं ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू झाला, आणि पहिल्याच वर्षीं सोनी रॉलिन्स हा थोर सॅक्सोफोनवादक तेथें वाजवून गेला. भोंवतीं रुग्णालयें आणि महाविद्यालय. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें रुग्णालय, शाळा व न्यायालय यांच्या भोंवतींची शंभर मीटरची जागा शांतता-क्षेत्र ठरली, आणि रंगभवनांतील संगीत थांबलें. त्याच नियमांनीं रात्रीं दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावणें बंद झालें. १९५३ सालीं भीमसेन जोशी यांनीं सुरू केलेल्या पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवांत पूर्वीं रात्र रात्र मैफल चाले. तीहि आतां बहुतेक दिवशीं दहाच्या आंत आटोपावी लागते. जॅझचें आपणांस कांहीं नाहीं असें ज्यांना वाटत असेल, त्यांनीं मालकंस आणि दरबारी कानडा यांच्या वेळेचा विचार करावा. रुग्णाची झोंप मोलाची आहे यांत शंका नाहीं. पण म्हणूनच भिंतींनीं बंद केलेलें, आवाज बाहेर न सोडणारें रात्रीचें संगीतगृह ही चैन नसून शहराची गरज ठरते.

तसें एक गृह मुंबईंत निघालें. लोअर परळ येथें ना. म. जोशी मार्गालगत मथुरादास मिलचें आवार आहे. ज्या जोशींनीं कामगार चळवळीचा पाया घातला त्यांच्याच नांवाच्या रस्त्यावर, १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर ओस पडत गेलेल्या गिरण्यांच्या जागीं, नवीं दुकानें, कचेऱ्या व मद्यगृहें उभीं राहिलीं. त्या आवारांतील एका जुन्या गोदामांत डिसेंबर २००७ मध्यें ‘ब्ल्यू फ्रॉग’ उघडलें. आशुतोष फाटक आणि ध्रुव घाणेकर हे दोन संगीतकार त्याच्या संस्थापकांपैकीं होते. म्हणजे गिऱ्हाइकासाठीं संगीत ठेवणाऱ्या हॉटेलवाल्याऐवजीं, संगीतासाठीं हॉटेल चालविणारा वादक मालकाच्या गादीवर बसला.

त्या वास्तूची रचना लक्षांत ठेवण्यासारखी होती. ख्रिस ली व कपिल गुप्ता या वास्तुशिल्पज्ञांनीं बसण्याच्या जागा वर्तुळाकार कोंदणांसारख्या केल्या आणि त्या व्यासपीठाभोंवतीं क्रमाक्रमानें उंच चढवीत नेल्या; कोणीहि कोठेंहि बसला तरी त्याची दृष्टि वाजविणाऱ्यावर जावी. वरवर हा सोयीचा भाग दिसतो, पण त्यांत एक भूमिका आहे. ताजच्या नृत्यशाळेंत नाचणारे मध्यें आणि वादक कडेला. येथें वादक मध्यवर्ती. जोडीला ध्वनिमुद्रणशाळा होती. दुसऱ्यांचीं गाजलेलीं गाणीं वाजवून दाखविण्यापेक्षां स्वतःची रचना घेऊन येणाऱ्या तरुण पथकांना तेथें उत्तेजन मिळे. त्यामुळें नऊ वर्षें या जागेनें देशांतील एका पिढीला आपली स्वतःची रचना लोकांपुढें मांडण्याची संवय लावली. तरीहि तेथेंहि हिशेब तोच होता: वादकाचा पगार स्वयंपाकघरांतून व मद्याच्या फळीवरून यावयाचा. २०१६ सालीं तें दार बंद झालें.

या भागाचा जुना इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना येथें आणखी एक गोष्ट आठवल्यावांचून राहणार नाहीं. याच गिरणगांवांत, लालबागच्या हनुमान थिएटरांत, पाळी संपवून आलेले कामगार तमाशा पाहावयास गर्दी करीत. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांचें लाल बावटा कलापथक याच वस्तींत वाढलें. तेंहि रात्रीचेंच संगीत होतें, आणि त्यालाहि तिकीट, परवाना व भाडें हीं चुकलीं नव्हतीं. गिरण्या गेल्या तेव्हां तो श्रोता गेला, आणि तें थिएटरहि गेलें. एकाच भूमीवर ढोलकीचें घर आधीं मोडलें व गिटारचें घर नंतर मोडलें. ऐकणारे निराळ्या वर्गांतले, दोघांची कदाचित् ओळखहि नसती. परंतु दोन्हीं घरें पाडणारा हात एकच होता, आणि तो जागेच्या किंमतीचा.

या साऱ्या हकीकतींतून निष्पन्न काय होतें? संगीत सहसा मरत नाहीं. तें स्थलांतर करतें. ताजमधून तें बोलपटांत गेलें, बोलपटांतून चाळीच्या अंगणांत गेलें. म्हणून कित्येक जण म्हणतात, एक घर मोडलें तर काय झालें? परंतु स्थलांतर करतें तें संगीत. माणसाला तें प्रत्येक वेळीं साधतेंच असें नाहीं. ज्याला बोलपटांत जागा मिळाली त्याचें नांव आपण आज घेतों. ज्याला मिळाली नाहीं तो वाद्य गहाण टाकून गांवीं गेला, आणि इतिहासांतून नाहींसा झाला. ग्रंथालय केवळ पुस्तकांच्या विक्रीवर चालावें अशी अपेक्षा आपण करीत नाहीं. क्रीडांगणाकडून भाडें सुटावें असेंहि म्हणत नाहीं. मग संगीताच्या घरानेंच मद्याच्या पेल्यावर कां उभें राहावें? ज्या नगरपालिका नाट्यगृहें बांधतात, त्यांना आवाज आंतच ठेवणारें, माफक भाड्याचें, रात्रीं अकरा-बारापर्यंत उघडें राहणारें एखादें लहानसें संगीतगृह बांधणें अशक्य नाहीं. तेथें एके दिवशीं ख्यालगायन व्हावें, दुसरे दिवशीं लावणी, तिसरे दिवशीं गिटार. ज्या घरांत मुलगी सतार शिकते आणि मुलगा ड्रम शिकतो, त्या घरांतल्या वडील माणसांनीं अशी मागणी केली तर ती ऐकली जाईल.

अजिंठ्याच्या त्या भिंतीवर राजाच्या गृहत्यागाइतकीच जागा चित्रकारानें वादक स्त्रियांना दिली. त्यांचीं नांवें त्यानें लिहिलीं नाहींत. पण त्यांचे चेहरे, हात आणि वाद्यें त्यानें पंधराशें वर्षें जपून ठेविलीं. आमच्या शहरांनीं आपल्या वादकांसाठीं एवढें तरी करावयास हवें.